व्हिएतनामला जाऊन पनीरच का?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला व्हिएतनाम सहलीवरचा लेख वाचला. समुद्र, मंदिरं, खरेदी सगळं आलं. जेवणाबद्दल मात्र ‘भारतीय भोजनाची सोय आहे’ एवढंच. याच वाक्यावर विसंबून आम्ही दोघांनी गेल्या वर्षी अशाच एका सहलीचे पैसे भरले होते. तिथं दोन्ही वेळा पनीर, जिरा राईस आणि पिवळी डाळ. शिवाय घरून नेलेले धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी होतीच.

सहाव्या दिवशी होई आनच्या जुन्या गावात मी गटातून बाजूला झाले आणि रस्त्याकडेला एका बाईपुढं बसले. तांदळाच्या पातळ पिठात हळद घालून ती ते तापल्या तव्यावर ओतत होती. पीठ पडलं की चर्र! पदार्थाचं नाव ‘बान सेओ’, आणि ‘सेओ’ म्हणजे हा चरचरण्याचाच आवाज. परभणीला माझी आई धिरडं घालायची तेव्हा माजघरापर्यंत हाच आवाज यायचा. त्यांच्या धिरड्यात कोळंबी आणि डुकराचं मांस असतं. मी हातानं नको म्हटल्यावर तिनं अळंबी आणि मुगाचे लांब मोड घातले. तुकडा मोडायचा, पुदिना आणि कसल्या कसल्या सुवासिक पाल्यासकट हिरव्या पानात गुंडाळायचा आणि आंबटगोड पाण्यात बुडवून खायचा. ते पाणी ‘नुओक माम’चं, म्हणजे खारवलेल्या माशांच्या रसाचं असतं. भाजीच्या पदार्थातही तो रस पडतो, हे शाकाहाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं. मला तिनं सोया सॉस दिला.

त्या देशात शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, कित्येक बौद्ध घरांत चाय जेवण असतं. आपल्या एकादशीसारखंच ते पाळतात. ‘कोम चाय’ अशी पाटी दिसली की आत भात, टोफू, भाज्या मिळतात, माशाचा रस नसतो. एवढं आम्हाला कुणी निघण्याआधी सांगितलं असतं तर!

‘फ’ हे नूडल्सचं प्रसिद्ध सूप मूळचं गोमांसाच्या हाडांचं. भाजलेलं आलं, कांदा, दालचिनी, चक्रीफूल घालून ते तासन् तास उकळतात. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी कोंबडीचं ‘फ गा’ आहे, शाकाहाऱ्यांसाठी ‘फ चाय’ आहे. हनोईला शेवटच्या संध्याकाळी आम्ही फ चाय घेतलं. धपाट्यांशिवाय न जेवणाऱ्या आमच्या यजमानांनी दुसरा वाडगा मागवला. वर ‘चे’ खाल्लं: मूग, साखर, नारळाचं दूध. मुगाच्या खिरीची बहीणच ती.

मराठवाड्यातून आता निवृत्त मंडळी मोठ्या संख्येनं परदेशी जातात. सहल काढणाऱ्यांनी दिवसातलं एक जेवण तरी त्या मातीतलं ठेवावं, आणि आपणही पुढच्या लेखात ‘चाय’ हा शब्द ठळक अक्षरात छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, परभणी