अंगणवाडीतल्या संशोधनाला मुलाच्या वयाएवढी मुदत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांवरच्या संशोधनासाठी निधी मंजूर झाला, अमक्या विद्यापीठाने परदेशातल्या तमक्या विद्यापीठाशी करार केला, अशा बातम्या आपल्या शिक्षणाच्या पानावर अधूनमधून येतात. मी त्या नीट वाचते. डहाणू तालुक्यात आधी अंगणवाडी सेविका आणि नंतर मुख्यसेविका म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काम केलं. निवृत्त झाले तेव्हा माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, पंचवीस अंगणवाड्या होत्या. या बातम्यांत रक्कम असते, करारावर सह्या करणाऱ्यांची नावं असतात. संशोधक त्या मुलांजवळ किती वर्षं राहणार, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. माझं सगळं म्हणणं तेवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका विद्यापीठातून दोन मुली पीएच.डी.च्या कामासाठी आमच्या पाड्यावर आल्या होत्या. पोरं त्यांच्या भोवती गोळा झाली. त्यांनी चित्रांची कार्डं मांडली, एकेका मुलाला समोर बसवलं आणि हे काय, ते काय, असं प्रमाण मराठीत विचारलं. चार वर्षांचा एक मुलगा अवाक्षर बोलला नाही. त्याच्या पानावर शून्य पडलं. गाडी गेल्यावर तोच मुलगा सेविकेच्या पदराला धरून तिला वारली बोलीत सांगत बसला, की बिळातला खेकडा कसा काढायचा, आधी काडी घालायची, मग नांगी कुठून धरायची, कुठून धरली तर बोट जातं. चांगली पाच मिनिटं बोलत होता, आणि सगळं क्रमाने. त्या मुली मनापासून काम करणाऱ्या होत्या. पण त्यांच्या हाती तीनच दिवस होते आणि पोराला ओळख व्हायलाच पंधरा दिवस लागतात. पुढे त्यांचा प्रबंध झाला असेल, आमच्यापर्यंत त्यातलं एक पानही आलं नाही. "ताई, त्या मुलींनी आपल्या पोरांचं काय लिहिलं?" असं ती सेविका मला कितीतरी दिवस विचारत होती.

आमच्या तालुक्यात असं व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, त्यांचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. मुलांचं रोज निरीक्षण करायचं, चुकलं तर बदलायचं, पुन्हा करून बघायचं, असं ते वर्षानुवर्षं चाललं. मी त्याला संशोधनच म्हणते. 'अंगणवाडी' हा सगळ्या देशाने घेतलेला शब्द तिथला आहे. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर त्या याच कामात होत्या.

विद्यापीठांना हे जमत नाही असं मला म्हणायचं नाही. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मापनश्रेणीवरून भारतीय बाळांसाठी विकास मापनश्रेणी तयार केली. त्यासाठी बडोद्यातलीच बाळं तपासून कोणत्या महिन्यात बाळ काय करतं ते ठरवलं. आजही बालविकास केंद्रांत डॉक्टर ती वापरतात. वारली, धोडी, कोकणा, कातकरी अशा आदिवासी घरांतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या भाषेसाठी असं माप कुणी बनवेल का? पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आल्यापासून मुलाचं वजन-उंची दर महिन्याला मोबाईलवर चढते. मूल किती बोलतं, काय विचारतं, कशाशी खेळतं, याची आमच्याकडे तशी नोंद नाही.

आणि पुण्याचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. सोबत इंग्लंडचं साउदम्प्टन विद्यापीठ होतं आणि पैसा वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचा. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपलं बाळ दिसायला किडकिडीत, पण त्याच्या अंगात चरबी मात्र त्या मानाने जास्त, हे तेव्हा मोजून कळलं. मधुमेहाची मुळं गर्भापर्यंत कशी जातात, याचा विचार जगभर करताना हा अभ्यास सांगितला जातो. पण तो मोठा झाला तो पुढच्या काळात, कारण संशोधकांनी ती मुलं सोडली नाहीत. सहाव्या वर्षी पाहिलं, बाराव्या वर्षी पाहिलं, अठराव्या वर्षी पाहिलं. मग त्याच मुलामुलींना वयात येताना बी-१२ जीवनसत्त्व देऊन, पुढे त्यांना होणाऱ्या बाळांवर त्याचा काय परिणाम दिसतो, तेही पाहिलं. पहिल्या दोन-तीन वर्षांनी निधी संपला म्हणून गावांतून उठून गेले असते तर हाती काय आलं असतं? जन्मवजनांचा एक तक्ता.

दुसरं उदाहरण दूरचं, पण वस्त्या आपल्यासारख्याच गरीब. जमैकात वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत. खेळणी टाकाऊ वस्तूंची. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळाचा लाभ मिळालेली मुलं त्याच वस्त्यांतल्या, तो न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. वीस वर्षांनंतरचं हे मोजमाप करताना नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन अमेरिकेतून येऊन त्या गटाला मिळाले. सहकार्य असं झालं पाहिजे असं मला वाटतं. मुलं आणि प्रश्न तिथल्या विद्यापीठाचे होते, बाहेरचे लोक हिशेबाला आले.

आपल्याकडचा प्रकल्प साधारण दोन-तीन वर्षांचा असतो. तो आमच्या पाड्यावर कसा उतरतो ते सांगते. मंजुरीचं पत्र, पहिला हप्ता, नैतिकता समितीची परवानगी, एकात्मिक बालविकास विभागाची परवानगी, साहाय्यकांची भरती, प्रश्नावलीचं भाषांतर यात सात-आठ महिने जातात. मग पावसाळा, ओढे भरतात, वरच्या पाड्यांवर जाता येत नाही. भातकापणीत आई घरी भेटत नाही. दिवाळी झाली की निम्मी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन. मे महिन्यात परततात, तोवर संशोधकाच्या यादीतली निम्मी नावं 'संपर्क झाला नाही' म्हणून गळालेली असतात. गळतात ती सगळ्यांत गरीब घरातली, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच. उरलेल्या मुलांवरून निष्कर्ष निघतो आणि तो 'आदिवासी बालकांचा' म्हणून छापला जातो. माझ्या मते हा त्या मुलांवर अन्याय आहे.

पैसा नाहीच असं आता म्हणता येणार नाही. संसदेने २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट जाहीर झालं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे, वैद्यकीय संशोधन परिषद आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर आपल्याच खेड्यांतली मुलं-मुली पीएच.डी. करत आहेत, त्यांतले काही बालविकासाकडे वळावेत असं मला फार वाटतं. कंपन्यांच्या नफ्यातला २ टक्के सामाजिक निधीही आहे. पण हा निधी कशावर खर्च करायचा त्याच्या कंपनी कायद्यातल्या यादीत सरकारी विद्यापीठांना संशोधनासाठी देणगी द्यायची तर ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतल्या संशोधनाला, असं लिहिलं आहे. त्यात बालशिक्षणाचा अभ्यास बसवताना विद्यापीठांची ओढाताण होते. 'बालविकास' हे शब्द तिथे घालून घेण्यासाठी आपल्या खासदारांनी प्रयत्न करावा.

निधी देणाऱ्यांना माझी विनंती अशी. पुष्कळ छोट्या प्रकल्पांत पैसा वाटण्यापेक्षा दोन-तीन जिल्हे घ्या आणि आठ-दहा वर्षांची हमी द्या. मूल आईच्या पोटात असल्यापासून दुसरी-तिसरीत वाचू लागेपर्यंत एकाच गटाने त्याच्या सोबत राहावं. भट्टीवर गेलेल्या मुलामागे भट्टीवर जाण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा. विद्यापीठात मानवविकास, मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे विभाग वेगवेगळ्या इमारतींत बसतात. मुलाचं पोट, बोलणं आणि शिकणं वेगवेगळं नसतं, म्हणून अर्ज त्यांनी एकत्र करावा आणि गटात वारली बोलणारं माणूस सुरुवातीपासून असावं, भाषांतरापुरतं नको.

सेविकेबद्दलही लिहिलंच पाहिजे. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. मुलं ओळखणारी, आईला बोलती करणारी, नोंदी काढून देणारी तीच, पण अहवालात तिचं नाव शेवटच्या पानावर आभारातही क्वचित असतं. तिच्या या कामाचं मानधन प्रकल्पात लिहा, ते मुलांचा वेळ मारून होणार नाही अशी सोय करा आणि निष्कर्ष मराठीत, तिच्या मासिक बैठकीत, तिच्यासमोर मांडा. तिला काही चूक वाटलं तर तिथेच सांगेल. खेकडा काढणाऱ्या त्या मुलाबद्दल तिने तेव्हाच सांगितलं असतं.

कोणत्याही विद्यापीठाने आमच्या भागात असं दीर्घ काम हाती घेतलं तर मी वाट दाखवायला येईन, मानधन नको. दिवाळीनंतर कुठल्या पाड्यातली घरं कुठल्या भट्टीवर जातात, हे मला अजून पाठ आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका
ता. डहाणू, जि. पालघर