दुसरी केबल कुठे जाते ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहकारी संस्थांच्या सायबर सुरक्षेवरची तुमची बातमी वाचली. त्यात 'मॉनिटरिंग यंत्रणा बसवली आहे' असं वाक्य होतं, ते वाचून हसू आलं, कारण आमच्या पतसंस्थेतही ती दोन वर्षं बसलेलीच होती. नुसती बसलेली.

मी तिथं कॉम्प्युटरचं सगळं बघतो, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत. २०१८ ला पुण्यात कॉसमॉस बँकेचे सायबर हल्ल्यात ९४ कोटी गेले तेव्हापासून आमच्या संचालकांत चर्चा होती, शेवटी व्हेंडरने लिनक्सचा एक डबा आणला, आत सुरिकाटा, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं सगळं तपासून संशयास्पद काही दिसलं तर सांगणारं सॉफ्टवेअर, मागं दोन नेटवर्क कार्डं, एक लॉगिन करायला, दुसरं नेटवर्कवरचं ऐकायला, दोन्हीचे दिवे लुकलुकतायत, सगळे खूश, बिल पास.

मार्चएंडच्या गडबडीत डॅशबोर्ड उघडेना म्हणून मी आत डोकावलो तर दोन्ही कार्डांना एकाच रेंजचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि दोन्हींना गेटवे (बाहेर जायचं दार), म्हणजे विचारणा एका दारानं येणार आणि उत्तर कुठल्या दारानं जाईल ते देवाला माहीत. मग दुसऱ्या कार्डावर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, लावून चहा घेऊन बसलो. दहा मिनिटं झाली तरी तेच, 'हा आयपी कोणाचा' अशी सगळ्यांनाच ऐकू जाणारी एआरपीची (पत्ते शोधणाऱ्या संदेशांची) बोंब आणि मधूनच प्रिंटरची हाळी. कॅशियरच्या पीसीचं एक पॅकेट नाही. येणार कुठून? केबल स्विचच्या (सगळे पीसी जोडणाऱ्या डब्याच्या) साध्या पोर्टात होती आणि स्विच ज्याचं त्यालाच देतो, सगळ्याची कॉपी हवी तर मिरर पोर्ट चालू करावा लागतो. व्हेंडरला फोन केला तर म्हणतो, सर दिवे तर लागतायत ना.

काम खरं तर तासाभराचं. आयपी आणि गेटवे फक्त लॉगिन करायच्या कार्डाला. दुसऱ्याला आयपी नाहीच, डीएचसीपी (आपोआप आयपी घेणं) बंद, कार्ड नुसतं चालू आणि प्रॉमिस्क्युअस मोडला, म्हणजे दुसऱ्यांची पॅकेटंही घेणार, त्यानं ऐकायचं, बोलायचं नाही. शिवाय ईथटूल या कमांडनं त्याचं जीआरओ, एलआरओ (पॅकेटं एकत्र जोडायच्या सोयी) बंद करायचं, नाहीतर लहान पॅकेटं जोडून मोठी होतात आणि तारेवर नव्हतंच असं काहीतरी सुरिकाटाला दिसतं. इथं मी पण माती खाल्ली, कमांड हातानं मारली, मशीन चालू होताना वाचतं त्या फाइलमध्ये टाकलीच नाही, लाईट गेली आणि पहिले पाढे पंचावन्न. मोठ्या संस्थांनी अजून एक बघावं, एक गिगाबिटच्या लाईनचं येणं-जाणं मिळून दोन होतं आणि मिरर पोर्ट एक गिगाबिटचाच असला तर जास्तीचं गळून पडतं. आमच्याकडे एवढी गर्दी नसते म्हणून निभावतं.

केबल मिरर पोर्टात हलवली आणि त्याच संध्याकाळी दिसलं की सीसीटीव्हीचा जुना डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) दर थोड्या वेळानं परदेशातल्या कुठल्यातरी पत्त्यावर जातोय. किती दिवसांपासून, कोण सांगणार.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ठेवले होते की आम्ही, एआरपीचे!

आमच्या ऑडिटच्या फॉर्मात 'यंत्रणा आहे का' एवढाच रकाना आहे, हो वर टिक केली की झालं. त्याखाली अजून एक वाढवा, कॅशियरच्या पीसीवर एखादी साईट उघडायची आणि ती डब्यात दिसतेय का ते व्हेंडरनं संचालकांसमोर दाखवायचं, बिल त्यानंतर.

आपला,
पतसंस्थेतला एक कॉम्प्युटरवाला