मानसशास्त्र विभागातील आमच्या मार्गदर्शिकेस जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील अध्यापन, स्वतःचे संशोधन आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची जबाबदारी सांभाळून आपण मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावरच्या आमच्या लहानशा महाविद्यालयातील पदवीच्या मुलामुलींना संशोधनपद्धती शिकवलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण आपण जे दिलेत त्याचा लाभ कोकणातल्या इतर महाविद्यालयांनीही घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे हा विषय बहुधा १८७९ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंट यांनी लाइपझिगमध्ये काढलेल्या प्रयोगशाळेपासून सुरू होतो आणि पाठ केलेल्या निष्कर्षांवर संपतो. आपण मात्र पहिल्याच तासाला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो मोठा प्रकल्प मुलांसमोर ठेवलात, ज्यात मानसशास्त्रातील १०० अभ्यास नव्याने करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारे, होते. पुन्हा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. मग आम्ही शिकतो ते खोटे का, असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा आपण तिला थांबवले नाहीत. लहान नमुने (म्हणजे मोजकेच सहभागी), अनुकूल निकालच छापण्याकडे असलेला नियतकालिकांचा कल आणि माहिती पाहून झाल्यावर रचलेली गृहीतके यांचा परिणाम आपण फळ्यावर आकडे मांडून दाखवलात, आणि अभ्यासाआधीच गृहीतक व विश्लेषण नोंदवून ठेवण्याची पद्धत का रुजते आहे, हे त्यातूनच मुलांना उमगले. आपल्याच चुका मोजून जाहीर करणाऱ्या शास्त्राविषयीचा त्यांचा आदर त्या दिवसापासून वाढला, हे मी वर्गात रोज पाहते.

त्यानंतर आपण आमच्या शेजारच्या गोव्यातील संशोधन वाचायला लावलेत. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना रोजच्या जगण्यातील अर्थपूर्ण कामांकडे परत वळायला मदत केली. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ठरलेल्या मर्यादेच्या खाली आले होते, तर नेहमीच्या उपचाराला थोडी जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर अर्धा दिवस प्रवासात जातो, अशा गावांतून आलेल्या मुलांना हे आकडे किती जवळचे वाटले असतील, ते आपण त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलेच आहे.

माझे सर्वांत मोठे ऋण मात्र मच्छीमार कुटुंबांवरील आमच्या प्रकल्पासंबंधीचे आहे. नैराश्याची जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मुले वापरणार होती, ती फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, हातात पैसा नसताना आणि रात्रभर पाऊस कोसळत असताना झोप व उमेद यांविषयी मिळालेले उत्तर, आणि हंगाम भरात असताना त्याच घरात मिळालेले उत्तर, ही एकमेकांच्या जागी ठेवता येणार नाहीत, हे आपण दाखवून दिलेत. म्हणून त्याच कुटुंबांकडे दोन्ही ऋतूंत जाण्याचे ठरले. गणपतीत चाकरमानी आल्यावर घरे भरलेली असतात, ते दिवस वगळायलाही आपणच सांगितलेत. हा विचार बाहेरून आयत्या आणलेल्या आराखड्यात सापडला नसता.

त्याच प्रश्नावलीतला नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयीचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचा आहे. त्याला कुणी होकार दिला तर त्या क्षणी आपले विद्यार्थी काय करतील, कोण त्या माणसापाशी थांबेल, कोण कोणाला फोन करेल, आरोग्य केंद्रात कोणाशी बोलायचे, शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कसा द्यायचा, हे सारे कागदावर उतरेपर्यंत आपण एकालाही वस्तीवर जाऊ दिले नाहीत. काहींना तो उशीर वाटला. मला विचाराल तर आपल्या साऱ्या शिकवणीतला हाच भाग मोलाचा होता, कारण एखाद्याच्या पडवीत बसून त्याचे दुःख विचारायचे तर त्या उत्तराची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते, हे मुलांना कोणत्याही व्याख्यानाने इतके पटले नसते.

दोन्ही ऋतूंतील मुलाखती आता पूर्ण झाल्या असून विश्लेषण आधी नोंदवलेल्या आराखड्याप्रमाणेच चालू आहे. निष्कर्ष परिषदेत वाचण्यापूर्वी ज्यांनी उत्तरे दिली त्या वस्तीत सांगावेत, ही आपली सूचना आम्ही स्वीकारली आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी, मंडळी घरी असतानाच ती बैठक घेण्याचा विचार आहे. आपण त्या दिवशी यावे, अशी विद्यार्थ्यांची आणि माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, सिंधुदुर्ग