काका, मामाची गिटार तुम्ही बोलती केलीत

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेली मामाची गिटार घरी आणून महिना झाला. त्या दिवशी तुमच्या दुकानात पहिली तार छेडली आणि घसा दाटून आला, पैसे ठेवून तसाच निघालो. जे तेव्हा बोलता आलं नाही ते लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं, कारण तुम्ही काय केलंत ते बडोद्यात गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

मामाने ती 1971 साली मुंबईहून आणली. हाताने घडवलेली, आत कारागिराचं नाव नाही. तुम्ही छोटा आरसा आत घालून पाटीखालच्या पट्ट्यांवरचे पटाशीचे माग मला दाखवलेत. "दोन्हीकडचे सारखे नाहीत बघ. माणसाचा हात आहे हा." वरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची, पाठ आणि कडा शिसवाच्या. (ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा, 1969 मध्ये, अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडचं शिसव वापरायला घेतलं, हे नंतर वाचलं आणि त्या पाठीवरून पुन्हा एकदा हात फिरवला.)

मामा गेल्यावर ती दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावर गोधडीत पडून होती, तारा तशाच ताणलेल्या. सहा पोलादी तारांचा मिळून ताण 70 किलोंच्या आसपास. डोक्यावर पत्रा, त्यात बडोद्याचा मे महिना. उष्णतेने सरस मऊ पडला, घोडी (पाटीवरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागून उचलली गेली, मान (गिटारचा लांब दांडा) पुढे ओढली गेली. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे पडद्यांपैकी, बाराव्या पडद्यावर तारा 5 मिलिमीटर वर, बोटं दाबून दुखायची. एका दुकानात घोडीला दोन स्क्रू मारून दिले. पाटीला चीर गेली. दुसरीकडे म्हणाले, शोभेला भिंतीवर लावा.

1886 साली सयाजीरावांनी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा सुरू केली, ते हे शहर. सुरसागरच्या काठाने मी शेकडो वेळा गेलो असेन, मागच्या गल्लीतलं तुमचं दुकान मात्र कधी दिसलं नव्हतं.

तुम्ही पडद्यांवर पोलादी पट्टी ठेवलीत. ती घोडीच्या माथ्यावरून जायला हवी, तर खाली तिच्या अंगावर आदळत होती. "मान उतरवावी लागेल," म्हणालात. माझ्या पोटात गोळा आला. पंधरावा पडदा काढून त्याच्या खाचेत बारीक भोक, प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी, आणि वाफ आत सांध्यात. बराच वेळ काहीच हललं नाही. मग सरसाचा उग्र वास सुटला आणि मान अलगद तुमच्या हातात आली.

मी विचारलं, आता एपॉक्सीने पक्की करायची का? तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "सरस होता म्हणून आज उघडली. पुढच्या माणसालाही उघडता आली पाहिजे." सांध्याचं लाकूड कागदाएवढं तासत, मान लावून बघत, पुन्हा काढत तुम्ही दोन दिवस घालवलेत. स्क्रू काढून भोकं बुजवलीत, चिरेखाली आतून ठिगळ दिलंत. पॉलिशला मात्र साफ नकार. जाड थराने पाटी आवळली जाते, आवाज कोंडतो, हे पटलं. आणि मामाच्या नखांचे ओरखडे त्यामुळेच राहिले, याबद्दल तर मी जन्मभर ऋणी आहे.

आता तारा अडीच मिलिमीटरवर आहेत. तुमच्यामुळे मीही ब्रिजला घोडी आणि फ्रेटला पडदा म्हणायला लागलोय. वाजवून झालं की तारा थोड्या उतरवतो, माळ्यावर तर ती पुन्हा कधीच जाणार नाही.

पहिल्या रात्री ई मायनरचा कॉर्ड धरून नुसता वाजवत बसलो होतो. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, हात पिठाचे, आणि दारातच उभी राहिली. "दादाची आहे ना ही?" एवढंच म्हणाली.

कोजागिरीला आम्ही गच्चीवर बसतो, मसाला दूध असतं. काकूंना घेऊन नक्की या. तुम्ही आल्याशिवाय मी वाजवायला सुरुवात करणार नाही.

आपला नम्र,
त्या गिटारवाल्या मामाचा भाचा