जज निवडून येतात म्हणून काय झालं

ती. बाबांना सा. न.,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की तिकडे अमेरिकेत जज लोकांच्या मतावर येतो म्हटल्यावर त्याला पैसे खायची सोय कुठे. तेव्हा लाइन तुटली, आता लिहूनच सांगते, म्हणजे मधे तोडणार नाही तुम्ही.

आम्ही राहतो ती पेनसिल्व्हेनिया राज्यातली लुझर्न काउंटी, म्हणजे आपला जिल्हाच समजा पण छोटा. विल्क्स-बॅरीला सस्क्वेहाना नदीकाठी घुमटवालं कोर्ट आहे, फोटो पाठवला होता आणि आईला ते देऊळ वाटलं होतं बघा, तेच. इथे काउंटीचा जज एकदा निवडणूक जिंकला की दर १० वर्षांनी मतपत्रिकेवर नुसतं त्याचं नाव आणि पुढे हो की नाही, समोर उभं कोणीच नसतं. सियाव्हरेला नावाचा जज २००५ ला असाच परत आला. लोकांना आवडायचा हो तो! शाळेशाळेत जाऊन दम द्यायचा, माझ्यासमोर आलात तर आत टाकीन, आणि मास्तर लोक खूश.

पण त्याच्या आधीच सगळं ठरलेलं होतं. २००२ ला मुख्य जज होता कॉनाहन, याचाच जोडीदार, त्याने काउंटीचं स्वतःचं मुलांचं सुधारगृह पैसे तोडून बंद पाडलं, मग मुलं जाणार कुठे तर पिट्सटनजवळ एका प्रायव्हेट कंपनीने नवीन बांधलं होतं तिथे. बांधणारा बिल्डर आणि कंपनीतला भागीदार वकील यांच्याकडून दोघा जजना मिळून सुमारे २८ लाख डॉलर पोचले, त्यातले काही फ्लोरिडातल्या फ्लॅटचं भाडं म्हणून दाखवले, आणि त्या वकिलाने साक्षीत सांगितलं की कुरिअरच्या खोक्यात नोटा भरून दिल्या. म्हणजे टेबलाखालून फक्त आपल्याकडेच चालतं असं काही नाही.

मला मात्र पैशापेक्षा दुसरंच खटकतं. एका शाळकरी मुलीने नेटवर व्हाइस प्रिन्सिपलची टर उडवली, मस्करी आहे असं लिहिलंही होतं, तर सियाव्हरेलाने ३ महिने आत टाकलं. सुनावणी मिनिट-दीड मिनिटाची! कोर्टाच्या खोलीबाहेर टेबल मांडून आईबापांची सही घ्यायचे की आम्हाला वकील नको, आणि अशी जवळजवळ निम्मी मुलं बिनवकिलाची उभी राहिली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६७ लाच मुलांना वकिलाचा हक्क दिलेला असून. मग आईबापांच्या डोळ्यांदेखत बेड्या. बालकोर्ट बंद दाराआड चालतं त्यामुळे बाहेरच्या कुणाला दिसत नव्हतं हे मान्य, पण आतले? सरकारी वकील, प्रोबेशनवाले, कारकून सगळे रोज तिथेच की, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. २००६ ला कॉनाहनविरुद्ध जजांवरच्या राज्य बोर्डाकडे निनावी तक्रार गेली होती, ती तशीच पडून राहिली. २००८ ला फिलाडेल्फियाची मुलांसाठी लढणारी वकिलांची संस्था वर गेली तर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने आधी अर्जच फेटाळला, जानेवारी २००९ ला दोघा जजवर फेडरल, म्हणजे केंद्राकडून, गुन्हा दाखल झाला तेव्हा कुठे जागे झाले आणि सुमारे ४००० निकाल रद्द केले.

२०११ ला सियाव्हरेलाला २८ वर्षं, कॉनाहनला साडेसतरा. ज्युरीने सियाव्हरेलाला ३९ पैकी १२ आरोपांतच दोषी धरलं आणि त्याचं पालुपद एकच, पैसे घेतले पण पैशासाठी मुलांना आत टाकलं नाही. कॉनाहन तर कोविडमध्ये २०२० लाच घरी आला, आणि डिसेंबर २०२४ ला बायडननी उरलेली शिक्षाही माफ केली, तेव्हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. २०२२ ला कोर्टाने दोघांवर २० कोटी ६० लाख डॉलर भरपाई लावली खरी, पण वसूल कुठून होणार.

आता नोव्हेंबरात माझंही मत आहे, हो की नाही. त्या नावापुढे काय बघून खूण करायची सांगा. आणि अजून एक, तुम्ही वाईच्या कोर्टात इतकी वर्षं रोजनामा लिहिलात, साहेब वाकडं वागतोय हे बेंच क्लर्कला कळायला किती दिवस लागतात, आणि कळलं तर तो कुणाला सांगतो? फोनवर नको, आईसमोर तुम्ही विषय बदलाल. लिहून पाठवा.

तुमची,
सुमी