हार्वर्डचा सेंटर

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शाळेतल्या मुलांचा कबड्डीसंघ घडवण्यात आपली इतकी वर्षे गेली, म्हणून याच गावात खेळलेल्या आणि शिकवून गेलेल्या एका माणसाची हकिकत आपल्याला कळवावी असे फार मनात होते. त्यांचे नाव विल्यम हेन्री लुईस. जन्म १८६८ चा, व्हर्जिनियातला. आईवडील पूर्वी गुलामगिरीत होते. ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचे (आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडू हाती घेऊन पुढे घुसायचा अमेरिकन फुटबॉल) कप्तानपद भूषवून आणि १८९२ मध्ये पदवी घेऊन ते कायदा शिकण्यासाठी हार्वर्डला आले व त्याच वर्षी तिथल्या संघात खेळू लागले.

त्या काळी या खेळात चेंडू पुढे फेकण्यास मुभा नव्हती, त्यामुळे सगळा सामना समोरासमोर भिडलेल्या दोन फळ्यांच्या रेट्यावर ठरत असे. लुईस फळीच्या ऐन मध्यावर, सेंटरच्या जागी असत. चेंडू मागच्या गड्याकडे सोडायचा आणि त्याच क्षणी अंगावर येणाऱ्याला थोपवायचे, हे त्यांचे काम. वजन सुमारे ८० किलो, म्हणजे त्या जागेसाठी कमीच. तरीही १८९२ आणि १८९३ अशी दोन्ही वर्षे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-अमेरिका’ संघात त्यांची निवड झाली. कृष्णवर्णीय खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

याच विद्यार्थिदशेत केंब्रिजमधल्या एका न्हाव्याने त्यांची दाढी करण्यास नकार दिला. आजोबांच्या लहानपणी आपल्या वस्तीतल्या माणसांचे केस गावचा न्हावी कापत नसे, हे ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे हा प्रसंग वाचून मला पुढे वाचवेना. लुईस मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी पाठपुरावा करून, भेदभावाला मनाई करणाऱ्या राज्याच्या कायद्यात न्हाव्यांची दुकानेही घालायला लावली.

१८९५ पासून १९०६ पर्यंत त्यांनी वकिली सांभाळून हार्वर्डच्या खेळाडूंना, विशेषतः बचावाच्या फळीला, शिकवले. १८९६ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन फुटबॉलवर पुस्तक लिहिले; कोणत्या जागेवरच्या गड्याने काय करायचे याचे त्यात पद्धतशीर विवेचन आहे. खेळातील दांडगाईवरून देशभर ओरड झाली तेव्हा, चेंडू खेळात येण्याआधी दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीइतके मोकळे अंतर असावे, या नियमाचे श्रेयही त्यांना दिले जाते. माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी देणगी हीच, कारण तिच्यामुळे बळापेक्षा चपळाईला वाव मिळाला.

१९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या कारकिर्दीत ते देशाचे सहायक महान्यायवादी झाले. १९४९ मध्ये बॉस्टनला त्यांचे निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्यांचे नाव आले ते मात्र २००९ मध्ये. हा उशीर मला फार खटकतो.

ती. आईस साष्टांग नमस्कार. आपण दोघांनी प्रकृतीस जपावे.

आपली लेक