सुहासला, राजीनाम्याआधी

कराड,
१४ जुलै

प्रिय सुहास,

तुझी मेल मिळाली. फोनवर बोलू म्हणाला होतास, पण फोनवर आपलं निम्मं बोलणं मुलांच्या शाळेवर संपतं आणि उरलेलं आईवडिलांच्या तब्येतीवर. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा, वर्षभर पुरेल एवढी शिल्लक आहेच, आणि छोट्या व्यावसायिकांसाठी बिल, स्टॉक, उधारी, व्हॉट्सअॅपवर वसुलीची आठवण हे सगळं एकाच अॅपमध्ये आणायचं, असा तुझा बेत. स्पष्टच सांगतो. नोकरी सोडायचा विचार मला मनापासून पटला. अॅप नाही पटलं.

‘छोटे व्यावसायिक’ नावाचं गिऱ्हाईक बाजारात कुठे भेटत नाही रे. मेडिकलवाल्याला बॅच नंबर आणि एक्स्पायरी लागते, कापडवाल्याला साइज आणि रंग, हार्डवेअरवाला पाइप फुटावर विकतो आणि खिळे किलोवर. सगळ्यांचं थोडं थोडं करायला गेलास तर कुणाचंच काम पुरतं होणार नाही. शिवाय त्या मैदानात गुंतवणूकदारांच्या पैशावर फुकट अॅप वाटणारे आधीच उतरलेत. एकटा माणूस त्यांना एकाच बाबतीत भारी पडू शकतो: एखाद्या धंद्याची खडान्‌खडा माहिती.

मी दूध संस्थांसाठी करतो त्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं करण्यासारखं काय आहे, असं तू मला मागे विचारलं होतंस. वजन, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, गुणाकार, संपलं. पण एकदा पहाटे एखाद्या संस्थेत येऊन उभा राहा. किटल्या घेऊन रांग लागलेली असते. सेक्रेटरीचे हात ओले असतात, त्यामुळे माउसला कुणी हात लावत नाही. सगळं काम कीबोर्डावरच्या आकड्यांच्या बटणांवर झालं पाहिजे. वीज गेली म्हणून रांग थांबत नाही, इंटरनेटचा तर भरवसाच नाही. काट्यावरून वजन आणि दूध तपासणाऱ्या अॅनालायझरवरून फॅट आपोआप यायला हवं. केबल सैल झाली तर आकडा हाताने टाकायची सोय हवी, मात्र तो हाताने टाकलाय हे पावतीवर दिसलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी भांडण ठरलेलं. गाईचं दरपत्रक वेगळं, म्हशीचं वेगळं. बिल दहा दिवसांचं. मधेच दूध संघाने दर बदलला आणि तो संध्याकाळच्या दुधापासून लागू झाला, की एकाच बिलात त्या दिवशी सकाळचं दूध जुन्या दराने आणि संध्याकाळचं नव्या दराने धरावं लागतं. मग कपाती: पशुखाद्य, उचल, कुणाचा पतसंस्थेचा हप्ता. बिलाची रक्कम सगळ्या कपातींना पुरली नाही तर आधी काय कापायचं, याचा क्रम प्रत्येक संस्थेचा निराळा! हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, काट्याशेजारी उभं राहूनच कळतं. माझा कोड अगदी साधा आहे. तरी संस्था मला धरून आहेत, कारण हे सगळं मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.

आमच्या सातारा जिल्ह्यातलंच मोठं उदाहरण घे. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, दुरुस्तीला संगणक यायला लागले. १९९०च्या दशकात त्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणकाचं शिक्षण घेणारा धाकटा भाऊ संजय याने ते साफ करणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. यातलं दुरुस्तीचं दुकान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लोकांना कोणता व्हायरस छळतोय हे शोधायला त्यांना बाहेर जावं लागलं नाही, तो रोज टेबलावर येऊन पडत होता. टॅलीचंही तसंच. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना माल पुरवायचे. स्वतःच्या हिशेबाला चालेल असं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाला, भरतला, लिहायला सांगितलं. १९८६ ची गोष्ट. तेव्हाची हिशेबाची सॉफ्टवेअर प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यायला लावायची. टॅलीत वहीत लिहितात तसं सरळ नाव लिहिता यायचं. दुकानदाराला हे हवंय, हे कळायला घरात दुकानदार असावा लागतो.

तू पीटर लेव्हल्सचं, त्या एकट्याने वेबसाइट काढणाऱ्या डच प्रोग्रॅमरचं, नाव काढलंस. २०१४ मध्ये त्याने बारा महिन्यांत बारा स्टार्टअप काढायचं जाहीर केलं, ते वाचून तुलाही दर महिन्याला एक कल्पना बाजारात टाकून बघावंसं वाटतंय. मी त्याच्याकडून दुसरंच काही घेईन. त्याची नोमॅड लिस्ट कोडने सुरूच झाली नाही. लॅपटॉप घेऊन राहायला कोणतं शहर स्वस्त, कुठे इंटरनेट चांगलं, अशी एक उघडी स्प्रेडशीट त्याने लोकांपुढे ठेवली आणि लोकांनीच ती भरली. लोकांना ती हवी आहे हे दिसल्यावर वेबसाइट झाली, तीही पीएचपी आणि एसक्यूलाइट या साध्या, जुन्या साधनांवर. तुझ्या मेलमध्ये मायक्रोसर्व्हिसेस आणि कुबरनेटीस या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर-मांडणीवर दोन परिच्छेद आहेत आणि गिऱ्हाइकावर एक ओळ. हे प्रमाण उलटं कर. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना एक साधा सर्व्हर आणि रोजचा बॅकअप पुष्कळ होतो. बॅकअप मात्र महिन्यातून एकदा खरोखर परत चढवून बघायचा, हे विसरू नकोस.

आता पैशाचं. पहिले सहा महिने फुकट द्यायचं आणि सवय लागली की दर लावायचा, असं तू म्हणतोस. कृपा करून असं करू नकोस. फुकट वापरणारा माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि विसरून जातो. पैसे मोजलेला माणूस सकाळी सहाला फोन करून ओरडतो, आणि काय दुरुस्त करायचं ते त्या ओरडण्यातूनच कळतं. शिवाय ज्याचा हिशेब तू सांभाळतोस त्याला उद्याही तू असशील याची खात्री द्यायची, तर तुझी चूल त्याच्याच पैशावर पेटली पाहिजे. पिनबोर्ड नावाची बुकमार्क साठवायची साइट आहे. २००९ पासून एकच माणूस चालवतो. सुरुवातीपासून नाव नोंदवायलाच पैसे, आणि प्रत्येक नव्या माणसागणिक तो दर किंचित वाढायचा. समोर याहूची डिलिशस, प्रचंड लोकप्रिय आणि फुकट. डिसेंबर २०१० मध्ये याहू डिलिशस गुंडाळणार अशी आतली एक स्लाइड बाहेर फुटली आणि लोकांची रीघ या एकट्या माणसाच्या दारात लागली. जो आपल्याकडून पैसे घेतो तो टिकेल, असा हिशेब त्या लोकांनी केला, आणि मला तो अगदी रास्त वाटतो.

दर वार्षिक ठेव, आगाऊ घे. दरमहा कार्डावरून आपोआप पैसे कापण्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू झाले: ग्राहकाची आधी मंजुरी, प्रत्येक वेळी २४ तास आधी सूचना. तेव्हा कितीतरी सबस्क्रिप्शनं तिथल्या तिथे तुटली. यूपीआय ऑटोपेने बरंच सोपं केलंय, तरी आपल्याकडच्या दुकानदाराला वर्षाचा एक आकडा कळतो, एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, भरायची त्याला सवय असते. रक्कम सांगताना आवाज खाली आणू नकोस. तुझ्या सॉफ्टवेअरने त्याचे महिन्याला किती तास आणि किती चुका वाचतात ते आधी त्याच्याच तोंडून वदवून घे, मग दर सांग. जीएसटीची चिंता आत्ता नको. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. पण पहिल्या दिवसापासून एक सीए धर आणि धंद्याचं बँक खातं वेगळं ठेव.

एक गणित भिंतीवर लिहून ठेव. महिन्याला दहा नवी गिऱ्हाइकं मिळतात आणि असलेल्यांतली ५ टक्के सोडून जातात असं धर. गिऱ्हाइकं २०० झाली की महिन्याला दहाच जाणार, म्हणजे तू २०० वर अडकलास, कितीही धावपळ केलीस तरी. तेच गळणं २ टक्क्यांवर आणलंस तर दहाच नव्या गिऱ्हाइकांत तू ५०० पर्यंत जातोस. म्हणून जाहिरातीवर पैसे घालण्याआधी, जो सोडून चाललाय त्याला फोन कर आणि का चाललास ते विचार. उत्तर ऐकून घे, वाद घालू नकोस.

यावरून सपोर्टचं. आपल्या कंपन्यांत सपोर्ट म्हणजे कमी पगाराच्या पोरांकडे ढकलायचं काम. एकट्याच्या धंद्यात तेच सगळ्यात वरचं काम आहे. माझ्याकडे बिलाच्या तारखा म्हणजे १, ११ आणि २१. त्या दिवशी मी कोडला हात लावत नाही, नवी आवृत्ती पाठवत नाही, फक्त फोन घेतो. एकच प्रश्न तीन संस्थांकडून आला की तो स्क्रीनवरचा दोष समजायचा आणि तो शब्द किंवा ते बटण बदलायचं. मग चौथा फोन येत नाही. एकट्याला शेकडो संस्था सांभाळता येतात त्या अशाच.

गुंतवणूकदाराला भेटू का, असंही विचारलंयस. खुशाल भेट, पण त्याचं गणित समजून घे. त्याच्या दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे त्याने धरलेलंच असतं, आणि उरलेल्या एक-दोघींनी सगळ्यांची भरपाई करावी लागते. वर्षाला एक कोटी कमावणारा तुझा टुकटुकीत धंदा तुला आणि वैशालीला सोन्यासारखा, त्याच्या लेखी तो अपयश. एकगठ्ठा ईमेल पाठवायची सेवा देणाऱ्या मेलचिंपवाल्यांनी २००१ पासून बाहेरचा एक पैसा घेतला नाही, आणि २०२१ मध्ये इंट्युइट या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीला सुमारे १२ अब्ज डॉलरला विकलं. एवढं मोठं व्हायलाच हवं असं नाही. मला त्यांच्या सुरुवातीचं अप्रूप जास्त आहे: ते आधी लोकांच्या वेबसाइट करून द्यायचे, मेलचिंप हा जोडधंदा होता. शिकागोचं बेसकॅम्प, म्हणजे टीमची कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर, तेही असंच, वेबसाइटची कामं करता करता स्वतःच्या सोयीसाठी बनवलेलं, २००४ मध्ये विकायला काढलेलं. म्हणून म्हणतो, नोकरी सोडलीस तरी आठवड्यातले दोन दिवस बाहेरचं काम घे. शिल्लक संपत आली की माणूस भलत्या गिऱ्हाइकाला हो म्हणतो.

दुसऱ्याच्या जमिनीवर सगळं घर बांधू नकोस. ख्रिश्चन सेलिग नावाच्या मुलाने रेडिट ही चर्चेची साइट वाचायला अपोलो नावाचं देखणं अॅप केलं होतं. २०२३ मध्ये रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या अॅपना माहिती पुरवणाऱ्या जोडणीला, पैसे लावले, त्याचा हिशेब वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर झाला, आणि ३० जूनला अॅप बंद. लोकांचं प्रेम होतं, कोड उत्तम होता, पण चावी दुसऱ्याच्या हातात होती. तुझा व्हॉट्सअॅपचा भाग जोड म्हणून ठेव, त्याच्यावाचून अडेल असं काही नको.

मग करायचं काय? सुहास, तुझ्या घरात प्रेस आहे! सांगलीत काका कोटेशन देतात ते मी किती वेळा पाहिलंय. कुणी बिलबुकं विचारायला येतो. तिहेरी प्रत, नंबरिंग, परफोरेशन. काका क्षणभर छताकडे बघतात आणि आकडा सांगतात. त्या क्षणात कागदाचा कोणता साइज, एका शीटमध्ये किती पानं बसतात, वाया किती जाणार, प्लेटा किती, छपाईचा हजारी दर, बाइंडिंग, आणि हा माणूस उधारी किती दिवसांनी देतो, एवढं सगळं धावून जातं. काका गावाला गेले की प्रेसमध्ये कोटेशन देणारं कुणी नसतं. कागदाचा भाव वाढला की जुनी कोटेशनं तोट्यात जातात, हे त्यांनीच मला सांगितलंय. ही अडचण गावोगावच्या ऑफसेटवाल्यांची आहे, ते सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तू त्यांच्यातलाच पोरगा आहेस. यापेक्षा चांगली सुरुवात पुण्यात कुणाकडे आहे?

आत्ता कोड लिहू नकोस. काकांबरोबर बसून एक एक्सेल कर: कागदाचे भाव एका पानावर, छपाईचे दर दुसऱ्यावर, कोटेशन तिसऱ्यावर. काकांचा आकडा आणि एक्सेलचा आकडा रोज शेजारी लिहा. जिथे फरक पडेल तिथे काकांना काय माहीत आहे जे तुझ्या सूत्रात नाही, ते विचार. मग ती शीट मिरजेला, इचलकरंजीला, काकांच्या ओळखीच्या पाच प्रेसवाल्यांकडे घेऊन जा आणि सॉफ्टवेअर येण्याआधीच वर्षाचे पैसे माग. तिघांनी दिले तर राजीनामा लिही. एकानेही दिले नाहीत तर नोकरी आहेच, आणि आपण दुसरा धंदा शोधू.

राजीनाम्याआधी दोन कामं मात्र उरक. नेमणुकीचं पत्र काढून नीट वाच. कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कंपनीच्या वेळेत केलेलं सगळं कंपनीचं, असं कलम बहुधा असतंच, म्हणून एक्सेलसुद्धा स्वतःच्या मशीनवर कर. आणि मेडिक्लेम आताच स्वतःचा घे. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि काकूंच्या मधुमेहासारख्या आधीच्या आजाराला नव्या पॉलिसीत ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते दिवस मोजायला जितक्या लवकर सुरुवात होईल तितकं बरं.

पुढच्या शनिवारी सांगलीला जाणार आहेस ना? वाटेत कराडला उतर, मुक्कामालाच ये. रविवारी पहाटे तुला संकलनाला घेऊन जातो आणि दुपारी आपण दोघं मिळून काकांकडे जाऊ. एक्सेलचा कच्चा आराखडा मी करून ठेवतो, कागदाचे चालू भाव तेवढे काकांकडून मागवून घे. हे पत्र वैशालीलाही वाचायला दे. तिचे प्रश्न तुझ्याहून वेगळे असतील, तिला म्हणावं, ते थेट मला लिही.

काका-काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
मंदार